मोबाइलवर वाचणाऱ्यासाठी मराठीत लिहिताना

मासुंदाकाठ (धागाकर्ती, नौपाडा)

नमस्कार मंडळी,

स्थानिक माहितीपर मराठी लेखनाचं संपादन हे माझं काम. घरपट्टी कशी भरायची इथपासून ठाण्याच्या तलावांच्या इतिहासापर्यंत सगळं हाताखालून जातं आणि जवळजवळ सगळं मोबाइलवरच वाचलं जातं. या कामातून एक मत पक्कं झालंय, ते मांडते. भर घाला, विरोध असेल तर तोही स्पष्ट लिहा.

"लोक हल्ली वाचत नाहीत" हे मला मान्य नाही. लोक आधी चाळतात आणि चाळता चाळता ठरवतात, इथे थांबायचं की पुढे जायचं. संकेतस्थळं वापरायला किती सोपी आहेत याचा अभ्यास करणारे जेकब निल्सन यांनी १९९७ साली लोक पडद्यावर कसं वाचतात ते तपासलं, तेव्हा ७९ टक्के जण नवं पान नुसतं चाळत होते. शब्द न् शब्द वाचणारे १६ टक्के निघाले. तेव्हा ना व्हॉट्सॲप होतं ना रील्स. तरीही माणसं अशीच वाचत होती. म्हणजे दोष आजच्या पिढीला देण्यात अर्थ नाही. चाळण्याच्या त्या थोड्या सेकंदांत आपला मजकूर वाचकाच्या हाती काय देतो, हा खरा प्रश्न आहे. आणि आपण बहुतेक वेळा त्याला प्रस्तावना देतो.

ठाण्यात राहणाऱ्या प्रत्येकाने हा नमुना वाचलेला असेल:

«सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की, मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीचे तातडीचे काम हाती घेण्यात येणार असल्याने उद्या सकाळी ९ वाजल्यापासून २४ तासांकरिता आपल्या परिसरातील पाणीपुरवठा पूर्णतः बंद राहणार असून, त्यानंतरही एक दिवस पाणीपुरवठा कमी दाबाने होण्याची शक्यता असल्याने सभासदांनी पाण्याचा आवश्यक तो साठा करून ठेवावा व सहकार्य करावे.»

यात चूक काहीच नाही. व्याकरण शुद्ध, भाषा सभ्य. पण कामाची गोष्ट, म्हणजे पाणी भरून ठेवा, शेवटच्या ओळीत आहे. मी ते असं लिहीन:

«गुरुवारी सकाळी ९ ते शुक्रवारी सकाळी ९ पाणी नाही. बुधवारी रात्रीच भरून ठेवा. शुक्रवारी दिवसभर पाणी कमी दाबाने येईल. मुख्य जलवाहिनीची दुरुस्ती चालू आहे.»

वर्तमानपत्रवाल्यांना यात नवं काही नाही. बातमीत सगळ्यात महत्त्वाचं वर, तपशील खाली, हे ते पूर्वीपासून करत आलेत. पण आपण घरी-दारी लिहायला बसलो की हात आपोआप "कळविण्यात येते की" कडे वळतो.

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटणारा मुद्दा. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि "नाही" त्याच्याही मागून. "कागदपत्रांच्या स्वयंसाक्षांकित झेरॉक्स प्रती मूळ प्रती सोबत असल्याशिवाय स्वीकारल्या जाणार नाहीत" या वाक्यात चाळणाऱ्याच्या डोळ्यात "स्वयंसाक्षांकित झेरॉक्स" एवढंच राहतं. तो झेरॉक्स घेऊन जातो आणि खिडकीवरून परत येतो. तेच "मूळ कागद सोबत न्या. नुसत्या झेरॉक्स चालत नाहीत" असं लिहिलं की फेरी वाचते. छोटी वाक्यं लिहा म्हटलं की अनेकांना ते बाहेरून आलेलं फॅड वाटतं. मला उलट वाटतं. वाक्य छोटं केलं की क्रियापद लवकर हाती लागतं. मराठीच्या घडणीलाच ते सोयीचं आहे.

तुम्ही काय करता? काय वाचताना अडतं?

---

रबाळे_शिफ्ट

उत्तम धागा, ताई. एक भर घालतो. तुम्ही "उद्या" काढून वार टाकलात ते फार बरं केलंत, पण वारसुद्धा पुरत नाही. पाण्याचा मेसेज फॉरवर्ड होत होत पुढच्या आठवड्यातही फिरत राहतो आणि लोक पुन्हा पिंप भरून ठेवतात. तारीख, महिना, वर्ष, तिन्ही हवेत. आणि कुठला भाग तेही. "आपल्या परिसरात" म्हणजे नेमकं कुठे? तो मेसेज ठाण्याच्या वर्तकनगरहून निघून आमच्याकडे नवी मुंबईत रबाळ्याला येऊन पोचतो, आणि आमचं पाणी मोरबे धरणाचं. दोन्हींचा काही संबंध नाही.

लेखांबद्दल म्हणाल तर मी ट्रान्सहार्बर लोकलमध्ये उभ्याने वाचतो. एक हात दांडीला, दुसऱ्यात फोन. कागदावर चार ओळींचा दिसणारा परिच्छेद फोनवर दहा-बारा ओळी होतो. घणसोली गेलं, कोपरखैरणे आलं, लोक चढले-उतरले, आणि परत फोनकडे बघितलं की कुठे होतो तेच सापडत नाही. परिच्छेद छोटे असतील, मध्ये एखादं उपशीर्षक असेल, तर जागा पटकन सापडते. लांब लेखाला माझी ना नाही. परत येता आलं पाहिजे, एवढंच.

---

गडकरीचा_प्रेक्षक

धागाकर्तींचा हेतू चांगला आहे, पण मी अंशतः असहमत आहे, आणि ते लिहिणे मला आवश्यक वाटते.

पाण्याच्या सूचनेबद्दल वाद नाही. परंतु हाच नियम सगळ्या लेखनाला लावला जात आहे, त्याची मला काळजी वाटते. ज्या शहरात १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले, त्या शहरात वाचकाला सावकाश वाचण्याची सवय होती. दिवाळी अंकातला लेख पहिल्या ओळीत सगळे सांगून मोकळा होत नाही. तो हळूहळू उलगडतो. आज मी इंटरनेटवर प्रवासवर्णन उघडतो तर "जाण्यासारखी ७ ठिकाणे", त्याखाली ठिपके, प्रत्येक ठिपक्यापुढे दीड वाक्य. लिहिणारा तिथे गेला होता की नाही हेही कळत नाही. सगळे चाळण्यासाठी लिहायचे ठरवले तर थांबण्यासारखे काही उरणार नाही.

---

मासुंदाकाठ

काका, तुमची काळजी खरी आहे. तीच मलाही आहे. ठिपक्यांच्या याद्यांची बाजू मी घेणार नाही. कारण, परिणाम, आठवण, मतभेद यांतला दुवा यादीत तुटतो. "पण", "म्हणून", "तरीसुद्धा" हे शब्दच गळून पडतात आणि विचार तर त्याच शब्दांत असतो. यादी फक्त तिथे, जिथे वाचक एकेक गोष्ट हातावेगळी करणार आहे: कागदपत्रं, पायऱ्या, साहित्य.

ललित लेखाने पहिल्याच ओळीत सगळं सांगावं असंही मी म्हणत नाही. पण पहिल्या ओळीत काहीतरी असावं. ठाण्याच्या पहिल्या रेल्वेवर माझ्याकडे जे लेख येतात त्यातले बरेच असे सुरू होतात: "ठाणे हे एक ऐतिहासिक शहर असून त्याला प्राचीन परंपरा लाभलेली आहे." हे वाक्य पैठणला, नाशिकला, कल्याणला, कुठेही चालेल. वाचकाला ठाऊक नसलेलं त्यात काही नाही. तो निघून गेला तर घाई त्याची म्हणायची की रिकामेपण आपलं?

---

गडकरीचा_प्रेक्षक

या वाक्याबद्दल मात्र पूर्ण सहमत. रेल्वेवर मी लिहायला बसलो तर असे सुरू करीन:

«१६ एप्रिल १८५३. बोरीबंदरात चौदा डबे उभे आहेत, त्यांत चारशे पाहुणे बसले आहेत. डबे ओढायला इंजिने तीन: साहिब, सिंध आणि सुलतान. तोफांची सलामी होते आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास गाडी ठाण्याच्या दिशेने हलते.»

शहराची प्राचीनता मग तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात येऊ दे. तोवर वाचक गाडीत बसलेला असेल.

---

रबाळे_शिफ्ट

काका, हे मी वाशीपर्यंत वाचीन. पूर्ण लिहाच.

---

मासुंदाकाठ

बघा काका, तुम्हीही महत्त्वाचं वरच घेतलंत. सूचनेत महत्त्वाचं म्हणजे वाचकाने काय करायचं ते. ललितात महत्त्वाचं म्हणजे ज्यासाठी लेख लिहावासा वाटला ते. जागा तीच, ऐवज वेगळा.

---

नेरुळ_पूर्व

मी दृष्टिहीन आहे, फोनवर टॉकबॅक लावून वाचते. म्हणजे फोन मला वाचून दाखवतो. या विषयावर मनापासून लिहावंसं वाटतं, कारण मराठीत माझ्यासारख्यांची अडचण फार वेळा होते आणि बहुतेकांना ते माहीतच नसतं.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे मजकुराचं चित्र. सुविचार, निमंत्रण, पाण्याची सूचना, डॉक्टरांच्या शिबिराची वेळ, सगळं फुलांच्या बॉर्डरमध्ये चित्र करून पाठवतात. माझ्या फोनला ते फक्त "इमेज" आहे. शिबिर कधी, कुठे, काही कळत नाही. चित्र जरूर पाठवा, पण तोच मजकूर खाली टाइप करून द्या. त्याचा डोळसांनाही फायदा आहे. चित्रातला पत्ता कॉपी होत नाही, मेसेज नंतर शोधला तर सापडत नाही.

दुसरं, जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफ. पडद्यावर सुंदर मराठी दिसतं म्हणतात, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, त्यांना फक्त मराठीचा साज चढवलेला असतो. माझा फोन ती चिन्हं वाचत सुटतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना सारखीच कळणारी अक्षरं लिहिण्याच्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे. तरीही आज नव्याने होणारी पत्रकं जुन्या फॉन्टमध्ये येतात, याचं वाईट वाटतं.

आणि "येथे क्लिक करा". आम्ही पानावरच्या लिंकांची यादी काढून ऐकतो. त्यात "येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा" एवढंच ऐकू आलं तर कुठली लिंक कशाची? "घरपट्टी भरण्याचा अर्ज" ही शब्दावलीच लिंक करा. मासुंदाकाठ ताई, छोट्या वाक्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते ऐकणाऱ्यालाही तितकंच लागू आहे. लांब वाक्य ऐकताना सुरुवात धरून ठेवावी लागते, मागे नजर टाकता येत नाही.

---

मासुंदाकाठ

नेरुळच्या ताई, मनापासून आभार. हा प्रतिसाद मी आमच्या लेखकांना पाठवणार आहे. तुमची हरकत नसावी.

---

नेरुळ_पूर्व

जरूर पाठवा. जितक्यांपर्यंत जाईल तितकं चांगलं.

---

ऐरोली_अक्षरे

अक्षरांचं काम करतो, म्हणून मजकूर पडद्यावर कसा बसतो त्याबद्दल लिहितो. इंग्रजीसाठी तयार झालेल्या सवयी देवनागरीला जशाच्या तशा लावल्या की वाचणाऱ्याचे डोळे थकतात, आणि मग दोष भाषेला दिला जातो.

देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. दोन्हीकडे जागा लागते. ओळींमधलं अंतर इंग्रजीइतकंच ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. अंतर सढळ ठेवा. अधोरेखन टाळा, ती रेघ नेमकी उकारातून जाते. "कुटुंब" अधोरेखित करून बघा. तिरपी अक्षरं आपल्या लिपीच्या परंपरेतली नाहीत, आणि बऱ्याच फॉन्टमध्ये ती यंत्राने नुसती कलवलेली असतात. ठळक अक्षरं एखाद्या शब्दापुरती ठीक. अख्खा परिच्छेद ठळक केला तर "क्ष", "द्ध", "ष्ट" यांच्या आतल्या पोकळ्या बुजतात. अक्षरांमध्ये अंतर सोडून शीर्षक "मोकळं" करायला जाल तर शिरोरेषा तुटते. आणि मोबाइलवर दोन्ही कडा जुळवू नका. "महानगरपालिकेच्या"सारखे लांब शब्द तुटत नाहीत, मग उरलेल्या शब्दांमध्ये मोठी भगदाडं पडतात.

फॉन्ट विकत घ्यायची गरज नाही. नोटो सान्स देवनागरी आहे, मुंबईच्या एक टाइप संस्थेचा मुक्ता आहे. दोन्ही मोफत आणि पडद्यावर वाचायला चांगले.

टंकनाबद्दलही थोडं. "दुसऱ्या"मधला "ऱ्य" दोन प्रकारे टाइप होतो: एकात खाली नुक्ता (टिंब) असलेला "ऱ" वापरतात, दुसऱ्यात साधा "र", हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखे, पण संगणकाला वेगळे, त्यामुळे एका पद्धतीने शोधलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या लेखात सापडेलच असं नाही. एका संकेतस्थळावर तरी एकच पद्धत ठेवावी. "ॲ"चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, म्हणून त्याआधीच्या मजकुरात "अ" वर चंद्र किंवा हिंदी वळणाचा "ऍ" दिसतो.

---

कळवा_आरोग्य

मी वस्तीत आरोग्याची माहिती देते. आमचं बरंच काम आता मोबाइलवरच्या मेसेजवर चालतं. मला वेगळी अडचण आहे. माहितीपत्रकांत "अतिसार झाल्यास रुग्णास जलसंजीवनीचे प्राशन करण्यास द्यावे" असं असतं. बाया विचारतात, म्हणजे काय करायचं? मी सोपं करून लिहिते, तर वरून सांगतात की भाषा प्रमाण असली पाहिजे. सोपी भाषा आणि अशुद्ध भाषा एकच का?

---

मासुंदाकाठ

मुळीच नाही. "जुलाब होत असतील तर ओआरएस पाजा" हे वाक्य पूर्ण प्रमाण मराठी आहे. शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली ठरले, १९७२ साली त्यात चार वाढले. त्यातला एकही नियम "पाजा"ऐवजी "प्राशन करण्यास द्यावे" लिहा असं सांगत नाही. ऱ्हस्व-दीर्घ नीट ठेवा, बोलतो तसे शब्द घ्या, आणि कुणी विचारलं तर हेच उत्तर द्या.

तुमच्या मेसेजमध्ये मात्र यादी हवी, कारण हे हाताने करायचं काम आहे. घरी करायचं पाणी असेल तर: उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, पूर्ण विरघळू द्या. माप आधी आणि मोठ्याने कळेल असं. "चिमूटभर", "चवीनुसार" असं काही नको, इथे मीठ जास्त झालं तर बाळाला त्रास होतो. शेवटी वेगळ्या ओळीत, कुठली लक्षणं दिसली तर लगेच दवाखान्यात न्यायचं ते. ती ओळ तुमच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या.

---

दिवाळे_कोळीण

कळव्याच्या ताई, आमच्या बचतगटात मी तुमच्यासारखंच करते, फक्त मेसेज लिहून झाला की आधी बोलून पाठवते, म्हणजे आवाजाचा मेसेज, आमच्या बोलीत. मग लिहिलेला. वयस्क बायका ऐकतात, मुली वाचतात. ज्या ओळीवर बोलताना मी अडखळते ती ओळ लिहिलेल्यातही बदलते.

---

खारघर_सेक्टर

शीर्षकांबद्दल कोणी बोललं नाही अजून. "वाचून थक्क व्हाल", "हे एक कागदपत्र नसेल तर..." असली शीर्षकं एकदाच फसवतात. नंतर वाचक त्या नावाकडेच पाठ फिरवतो. माझ्या मते शीर्षकात वाचक जो शब्द शोधतो तोच असावा. लोक "घरपट्टी" शोधतात, कार्यालय "मालमत्ता कर" म्हणतं. शीर्षकात घरपट्टी, पहिल्या वाक्यात मालमत्ता कर, म्हणजे दोन्हीकडून येणाऱ्याला लेख सापडतो.

---

ऐरोली_अक्षरे

+१. आणि विषयाचा शब्द शीर्षकात जितका आधी तितका बरा. २००६ मध्ये निल्सन यांच्याच संस्थेने २३२ जणांच्या नजरा कुठे जातात ते तपासलं: वरच्या एक-दोन ओळी बऱ्यापैकी वाचल्या जातात, मग नजर डाव्या कडेने खाली घसरत जाते. ओळींच्या सुरुवातीचे शब्द दिसतात, शेवटचे सुटतात. तो अभ्यास इंग्रजीचा आणि मोठ्या पडद्याचा, पण आपणही डावीकडूनच वाचतो. "नवी मुंबई महानगरपालिका क्षेत्रातील नागरिकांसाठी घरपट्टी भरण्याबाबत माहिती" यापेक्षा "घरपट्टी ऑनलाइन कशी भरावी: नवी मुंबई".

मात्र त्याच संस्थेने नंतर हेही सांगितलंय की नजर अशी घसरते ती उपशीर्षकं नसलेल्या सलग मजकुरावर. म्हणजे तो काही माणसाचा स्वभाव नाही. वाट दाखवली की नजर थांबते.

---

गडकरीचा_प्रेक्षक

रेल्वेच्या लेखाचा कच्चा खर्डा तयार झाला आहे. उपशीर्षके ठळक अक्षरांत दिली आहेत: "बोरीबंदर", "वाटेत", "ठाण्याचा तंबू". परिच्छेद लहान केले, तरी वाक्ये माझीच ठेवली आहेत. नेरुळच्या ताईंना एक विनंती: लिंकने पाठवला तर टॉकबॅकवर ऐकून कळवाल का?

---

नेरुळ_पूर्व

ऐकला, काका. अडखळायला कुठेच झालं नाही, आणि तिसऱ्या परिच्छेदातलं लांब वाक्य तसंच ठेवा, ते कानाला फार छान लागतं. एक बदल करा. उपशीर्षकं नुसती ठळक आहेत, त्यामुळे फोनला ती साध्या ओळींसारखीच वाटतात. लिहिण्याच्या पट्टीवर "शीर्षक २" असा पर्याय असतो, तो लावा. मग मला एका उपशीर्षकावरून थेट पुढच्यावर जाता येईल, आणि रबाळेवाल्या दादांनाही सुटलेली जागा सापडेल.

---

गडकरीचा_प्रेक्षक

लावले. नवी लिंक वैयक्तिक संदेशात पाठवली आहे, तिसऱ्या परिच्छेदातले लांब वाक्य जसेच्या तसे आहे.